कोंबडखत : ताजे नव्हे, मुरलेले

कोंबडीच्या विष्ठेवर दिसणारा पांढरा थर युरिक आम्लाचा असतो. पक्ष्यांमध्ये मूत्र स्वतंत्रपणे बाहेर न पडता अवस्कर या एकाच द्वारातून विष्ठेसह टाकले जात असल्याने नत्राचा मोठा वाटा या थरात असतो, आणि म्हणूनच कोंबडखत शेणखतापेक्षा कसदार ठरते. ओलाव्यात सूक्ष्मजीव या आम्लाचे विघटन करून अमोनिया वायू तयार करतात. बंद खुराडे सकाळी उघडताच डोळ्यांना झोंबणारा दर्प त्याचाच असून, ताजी विष्ठा कुंडीत घातल्यावर मिरची-वांग्याची कोवळी मुळे करपण्यामागेही अमोनिया आणि विद्राव्य क्षार असतात.

यावर कुजवणे हाच खात्रीचा उपाय होय. खुराड्यात भाताचा तूस वा लाकडाचा भुसा अंथरण्याच्या गादी पद्धतीत विष्ठेला आवश्यक कर्ब आयताच मिळतो. तरीही कर्ब-नत्राचे प्रमाण 25 ते 30 भागांस 1 भाग यावे, यासाठी ढिगात सुका पालापाचोळा सढळपणे मिसळावा लागतो. ढिगाचे तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकले आणि ढीग वरखाली केला गेला, तर साल्मोनेलासारखे रोगजंतू बहुतांशी नष्ट होतात. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी हे अगत्याचे आहे, आणि हौशी बागकामात नेमकी येथेच घाई होते. अंड्यांवरील कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असल्याने त्यांच्या खतातही चुना उतरतो. त्यामुळे चुनखडीयुक्त जमिनीत हे खत बेतानेच घालणे इष्ट.