विरळ जनुकबदल आणि बेरजेची युक्ती

मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे मांडला. एका जनुकातील बदल आई व वडील दोघांकडून आला, तरच हा गट दिसतो. भारतात अशी व्यक्ती सुमारे १०,००० त एक. वर्तकनगरमधील १,००० विद्यार्थ्यांच्या शाळेत ती बहुधा आढळणार नाही. पण बदलाची एकच प्रत असलेले वाहक किती? १/१०,००० चे वर्गमूळ १/१००. प्रत्येकाजवळ जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणून, विवाह रक्तनात्यात होत नाहीत असे धरल्यास, वाहक ५० त एक, म्हणजे शाळेत २०!

कित्येक बदल याहूनही विरळ असतात. समजा, एक बदल १,००० रुग्णांपैकी दोघांत आणि १,००० निरोगी व्यक्तींपैकी एकात आढळला. यावरून काहीच म्हणता येत नाही. मात्र त्याच जनुकात असे २० बदल असले, तर बेरीज ४० विरुद्ध २० होते. नाणे ६० वेळा उडवून ४० किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

या बेरजेला रुग्णांची नावे वा कागदपत्रे लागत नाहीत. प्रत्येक बदल किती जणांत आढळला, एवढा गोषवारा पुरतो. म्हणून निरनिराळी रुग्णालये खासगी माहिती न देता आकडे एकत्र करू शकतात. मात्र कोणते बदल एकाच व्यक्तीत जोडीने येतात, हेही कळावे लागते. नाहीतर तीच व्यक्ती दोनदा मोजली जाते. काही बदल घातक व काही हितकारक असतील, तर साध्या बेरजेत ते एकमेकांना खोडतात. तेव्हा फरकांच्या वर्गांची बेरीज करतात.

शिवाय माणसाची सुमारे २०,००० जनुके तपासली, तर केवळ योगायोगाने शंभराहून अधिक जनुके अशी 'दोषी' दिसतील. म्हणून कसोटी फार कडक ठेवतात.

सर्वांत मोठा धोका तुलनेचा. युरोपात बॉम्बे गट सुमारे दहा लाखांत एक, म्हणजे हजारात दोनच वाहक. ठाण्यातील १,००० मधुमेही रुग्णांची तुलना युरोपीय गोषवाऱ्याशी केली, तर २० विरुद्ध २ असा फरक दिसेल आणि निष्पाप जनुकावर मधुमेहाचा आळ येईल. म्हणूनच १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची 'जीनोम इंडिया'ची माहिती २०२५ साली संशोधकांना खुली झाली, हे महत्त्वाचे.

वर्गात नाणी उडवून हा हिशेब अवश्य करून पाहावा.