हात उचलण्यापूर्वीं

फळीवरचा डबा काढण्यासाठीं गृहिणी हात वर करते, तेव्हां तिचें लक्ष डब्याकडे असतें आणि पाहणाऱ्याचें तिच्या हाताकडे. काम हातानें केलें, असेंच सर्वांस वाटतें. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें ही समजूत अर्धीच खरी आहे. हात हलण्यापूर्वींच तिच्या पोटऱ्या, मांड्या, पाठ व पोट यांनीं आपापलें काम सुरू केलेलें असतें. ही पूर्वतयारी इतकी गुपचूप होते कीं, ती बिघडेपर्यंत तिची कोणास जाणीवहि नसते. परंतु ज्या घरांत कोणास पक्षाघात होऊन एक अंग लुळें पडलें आहे, त्या घरांत ही गोष्ट समजून घेणें फार अगत्याचें असतें. कारण तेथें सर्वांचे डोळे रोग्याच्या बोटांकडे लागलेले असतात, आणि बोटांच्या कामाचा पाया मात्र कंबरेंत व पावलांत असतो.

ज्या निरोगी माणसास याचा प्रत्यय पाहावयाचा असेल, त्यानें एक सोपा प्रयोग करावा. भिंतीस टाचा व पाठ टेकवून उभें राहावें, पायांपुढें वीतभर अंतरावर एखादें पुस्तक ठेवावें, आणि पाय न हलवितां व गुडघे न वांकवितां तें उचलूं पाहावें. हात धडधाकट असूनहि तें साधत नाहीं. तोल जातो आणि पाऊल पुढें टाकावें लागतें. एरवीं आपण वांकतों तेव्हां कंबर आपोआप मागें सरते व शरीराचें वजन पावलांवर राहतें. भिंत तिला मागें सरूं देत नाहीं, म्हणून हाताचें काम अडतें.

याचें कारण साधें आहे. एका हाताचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें विसाव्या भागाइतकें असतें. साठ किलो वजनाच्या माणसाचा हात म्हणजे तीन किलोंचें ओझें. तें ओझें एकाएकीं पुढें उचललें कीं सर्व शरीराचा गुरुत्वमध्य सरकतो, आणि हाताच्या वेगाचा धक्काहि धडास बसतो. तोल गेल्यावर तो सांवरण्यास वेळ कोठून मिळणार? म्हणून मेंदू आधींच हिशेब करतो व हातास हुकूम देण्याच्या सुमारासच धडास व पायांस सावध करतो.

या व्यवस्थेकडे वैद्यांचें लक्ष प्रथम वेधलें तें ती मोडलेली पाहून. १८९९ मध्यें पॅरिस येथील मज्जातंतुरोगांचे प्रख्यात तज्ज्ञ बाबिन्स्की यांनीं लहान मेंदूच्या विकाराच्या रोग्यांचें वर्णन केलें. निरोगी माणूस मागें वांकतो तेव्हां त्याचे गुडघे आपोआप पुढें वांकतात. त्या रोग्याचे गुडघे ताठच राहत, व तो मागें कोसळूं लागे. पायांत बळ होतें. उणीव होती ती मेळाची.

या मेळाचें मोजमाप पुढें विजेच्या यंत्रांनीं शक्य झालें. १९६७ मध्यें मॉस्को येथील बेलेन्की, गुर्फिंकेल व पाल्त्सेव या शास्त्रज्ञांनीं उभ्या माणसांस खूण होतांच हात झटकन् वर करावयास सांगितलें, आणि खांद्याच्या व पायांच्या स्नायूंत उठणाऱ्या विद्युत्-लहरी टिपून घेतल्या. खांद्याचा स्नायु जागा होण्यापूर्वीं सुमारें ५० सहस्रांश सेकंद, त्याच बाजूच्या मांडीचा मागचा स्नायु जागा झालेला दिसला. पुढें १९८२ मध्यें अमेरिकेंत कॉर्डो व नॅशनर यांनीं दाखविलें कीं, उभ्या माणसाच्या छातीस आधार दिला म्हणजे पायांची ही तयारी कमी होते. म्हणजे ही कांहीं आंधळी सवय नव्हे. आधार किती आहे हें पाहून मेंदू तयारी कमीजास्त करतो.

पक्षाघातांत काय होतें तें आतां पाहूं. मेंदूच्या पृष्ठभागाकडून हाताच्या बोटांकडे जाणारे बहुतेक तंतु मेंदूच्या तळाशीं बाजू बदलतात. म्हणून उजव्या अर्धगोलास इजा झाली कीं डावा हात लुळा पडतो. धड सांवरणाऱ्या स्नायूंस मात्र दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळत असते. त्यामुळें धड हाताइतकें लुळें पडत नाहीं, आणि नेमक्या याच कारणानें त्याचा दुबळेपणा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. रोगी उशीला टेकून बसतो, म्हणून घरच्यांस वाटतें कीं बसणें आलें, आतां हात तेवढा यावयाचा राहिला. पण उशी काढून घेऊन त्यास समोरचा तांब्या घ्यावयास सांगितलें कीं तो एका कुशीवर कलतो, किंवा पडण्याच्या भीतीनें सर्व अंग ताठ करतो. ज्यास तोल सांवरण्याचीच चिंता आहे, त्याचा हात मोकळा कसा व्हावा?

म्हणून मज्जातंतूंच्या विकारांवरील व्यायामोपचारांत, ज्यास सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात, बसण्याच्या शिक्षणास मोठें स्थान आहे. सिडनी येथें डीन व शेफर्ड यांनीं १९९७ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत बोधप्रद आहे. पक्षाघात होऊन निदान एक वर्ष लोटलेलीं २० माणसें त्यांनीं घेतलीं. त्यांतील निम्म्यांकडून दोन आठवडे बसल्या जागीं हाताच्या टप्प्यापलीकडील वस्तु घेण्याचा सराव करून घेतला, व लुळ्या बाजूच्या पावलावर भार देण्याकडे लक्ष पुरविलें. हीं माणसें पूर्वींपेक्षां लांबची वस्तु अधिक लवकर घेऊं लागलीं, आणि लुळा पायहि अधिक भार घेऊं लागला. चालण्यांत मात्र सुधारणा दिसली नाहीं. ज्याचा सराव करावा तेंच सुधारतें, हा शाळेंतला जुना नियम येथेंहि लागू पडतो.

याच्या उलट वाटणारी एक गोष्ट मॉन्ट्रियल येथें आढळली. २००० मध्यें चिर्स्तिया व लेव्हिन यांनीं दाखविलें कीं, कोपर सरळ होत नसलेला रोगी समोरची वस्तु गांठण्यासाठीं सारें धडच पुढें लोटतो. काम होतें, पण कोपरास सरळ होण्याची गरजच उरत नाहीं. पुढें तेथील संशोधकांनीं धड पट्ट्यानें खुर्चीच्या पाठीस बांधून पाहिलें, तेव्हां कोपर अधिक सरळ होऊं लागलें. मग धड हलवावें कीं थांबवावें? दोहोंत विरोध नाहीं. वस्तु हाताच्या टप्प्यांत असेल तर धडानें स्थिर राहून हातास जाऊं द्यावें. टप्प्यापलीकडे असेल तर धडानें व पावलांनीं साथ द्यावी. निरोगी शरीर हा विवेक न शिकवितां करतें. रोग्यास तो पुन्हां शिकावा लागतो.

तोल आला म्हणजे हात आपोआप येईल, असा मात्र याचा अर्थ नव्हे. उघडणें, धरणें, सोडणें हें बोटांचें शिक्षण वेगळें आहे व तें बरोबरीनेंच चालावें लागतें. ज्यांच्या मेंदूची हानि मोठी आहे, त्यांचा हात पुष्कळदां पूर्ण परत येत नाहीं. तरीहि स्वतःच्या आधारानें बसतां येणें, पडल्यावांचून वाकळ ओढून घेतां येणें, हा लाभ लहान नाहीं.

घरच्या माणसांस यांतून कांहीं गोष्टी घेतां येतील. रोग्यास खोल गादीवर न बसवितां टणक व योग्य उंचीच्या बैठकीवर, दोन्ही पावलें जमिनीस पुरतीं टेकतील असें बसवावें. लुळा हात लोंबकळत ठेवूं नये. मेजावर वा उशीवर ठेवावा. खांद्याचा सांधा मुख्यत्वें स्नायूंनीं धरलेला असतो. ते सैल पडले कीं दंडाचें हाड खालीं सरकतें. अशा वेळीं लुळा हात धरून रोग्यास ओढून उठविणें, किंवा छतास कप्पी बांधून चांगल्या हातानें लुळा हात वर खेंचणें, यांनीं खांदा दुखावतो. आणि दुखरा खांदा पुढील सर्व शिक्षण अडवितो. उठवितांना आधार धडास व कंबरेस द्यावा. सरावासाठीं तांब्या, वाटी, पंचा अशा नित्याच्या वस्तु पुरेत. त्या कोठें व किती दूर ठेवावयाच्या तें उपचार करणाऱ्यांस विचारून ठरवावें, आणि सराव चालू असतां जवळ कोणीतरी असावें.

घरांत दररोज एकच प्रश्न विचारला जातो: "आज बोटें हललीं का?" त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: "आज उशीवांचून किती वेळ बसलांत?" दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा आधीं सुधारतें, आणि थकलेल्या रोग्यास धीर देण्यास तेवढें पुष्कळ होतें.