माकूळ : वर्तन व मासेमारी

मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील सागरी प्राणी. कोकणात याला म्हाकूळ असेही म्हणतात. गोव्यात तो माणकी या नावाने ओळखला जातो. शरीर लांबट असून मुखाभोवती आठ भुज व दोन लांब संस्पर्शक असतात. शरीरपोकळीत घेतलेले पाणी नरसाळ्यासारख्या नळीतून वेगाने बाहेर फेकून हा प्राणी झेप घेतो. माकूळ पकडण्याच्या पद्धती त्याच्या वर्तनावर आधारलेल्या आहेत.

वर्तन : अनेक जाती दिवसा खोल पाण्यात वा तळाजवळ राहतात आणि रात्री भक्ष्यामागोमाग वर येतात. शिकार मुख्यतः दृष्टीच्या साहाय्याने होते. बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकच दृष्टिरंजक असल्याने त्यांना रंगभेद कळत नाही. मात्र प्रकाश व छाया यांतील फरक आणि हालचाल चटकन जाणवते. भक्ष्य दिसताच माकूळ संस्पर्शक झपाट्याने पुढे फेकून त्यास पकडतो.

दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी : या पद्धतीचा विकास प्रामुख्याने जपानमध्ये झाला. तेथे टोडारोडीस पॅसिफिकस (जपानी नाव सुरुमेइका) ही जाती महत्त्वाची असून होक्काइडो बेटावरील हाकोदाते हे बंदर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. नौकेवर प्रखर दिव्यांच्या रांगा लावतात. माकूळ थेट झोतात न थांबता नौकेखालील छायेत जमतात व तेथून प्रकाशित पाण्यातील भक्ष्यावर झेपावतात. म्हणून गळ छाया व प्रकाश यांच्या सीमेजवळ सोडतात. गळाला काट्यांची वर्तुळे असतात, पण काट्यांना उलटे दाते नसतात. वर्तुळाकार नसलेल्या रिळावरून दोर गुंडाळला जात असल्याने गळ हिसके घेत वर येतो व जिवंत भक्ष्याचा भास होतो. दोर सैल पडल्यास माकूळ निसटतो. म्हणून तो सतत ताणलेला ठेवावा लागतो. गळ रिळावरून उलटताच माकूळ आपोआप सुटून नौकेवर पडतो. पौर्णिमेच्या सुमारास चांदण्यामुळे दिव्यांचा प्रभाव कमी होतो.

साठ्याचे रक्षण : सुरुमेइकाचे आयुष्य सुमारे एक वर्षाचे असून प्रजननानंतर ती मरते. त्यामुळे पुढील वर्षाचे उत्पादन प्रजननापर्यंत वाचलेल्या प्राण्यांवर अवलंबून असते. जुन्या पिढ्यांचा आधार मिळत नाही. जपानमध्ये या जातीचे उत्पादन १९६८ मध्ये सुमारे ६.६ लाख टन होते. २०१६ पासून ते वर्षाला एक लाख टनांच्या खाली गेले. प्रजननक्षेत्रांतील पाण्याच्या तापमानातील बदल हे या घटीचे एक प्रमुख कारण मानले जाते. जपानने १९९८ पासून या जातीच्या वार्षिक मासेमारीवर मर्यादा घातली आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर युरोट्युथिस डुव्हाउसेली ही प्रमुख जाती आहे. ती दिवसा तळाजवळ राहत असल्याने मुख्यतः ट्रॉल जाळ्यांत सापडते. तिची अंडी तळावरील वस्तूंना चिकटलेली असतात. त्यामुळे तळावरून ओढलेल्या जाळ्यांनी त्यांची हानी होऊ शकते. प्रखर दिव्यांकडे लहान मासेही आकर्षित होतात आणि अशा मासेमारीची झळ पारंपरिक मच्छीमारांना बसते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. वर्तनाच्या ज्ञानामुळे माकूळ पकडणे सोपे होते. तो केव्हा व कोठे पकडू नये, हेही त्याच ज्ञानावरून ठरते.