हलवारा, ६ सप्टेंबर १९६५: गस्तीवरच गाठले

ठिकाण: पंजाबात लुधियानाजवळचा भारतीय हवाई दलाचा तळ.

हल्ला: संध्याकाळी पाकिस्तानची तीन सेबर विमाने चालून आली. ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे व ए. आर. गांधी हंटर विमानांतून गस्त घालत होते.

पहिला घाव: पाकिस्तानच्या स्क्वाड्रन लीडर रफिकींनी पिंगळ्यांचे विमान पाडले. गांधींनी सेबरवर मारा केला, पण त्यांचेही हंटर पडले. दोघे पॅराशूटने बचावले.

पलटवार: भारताच्या डी. एन. राठोड व व्ही. के. नेब यांची हंटर विमाने धावून आली. रफिकींच्या विमानासह दोन सेबर परतलीच नाहीत.

पुढे: १६ सप्टेंबरला पिंगळ्यांनी हवाई झुंजीत सेबर पाडले. त्यांना वीरचक्र मिळाले.