सापळे उकळतात, रंगवतात, मेणात बुडवतात: कशासाठी?

अमेरिका आणि कॅनडात परवाना घेऊन फरसाठी प्राणी पकडण्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, कारण थंडी पडल्यावरच प्राण्यांच्या अंगावरची लव दाट होते. त्याआधी, उन्हाळा सरता सरता, कोल्हा, कायोटी, रॅकून यांच्यासाठीचे लोखंडी सापळे बाहेर निघतात. ते उकळतात, काळे रंगवतात आणि मेणात बुडवतात. या कामाविषयीच्या बहुतेक चुकीच्या समजुतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: हा सगळा खटाटोप प्राण्याला फसवण्यासाठी असतो. ही कल्पना मला घातक वाटते. हे काम आधी लोखंडाच्या निगेचं आहे. गंजाने साखळीची फिरती कडी अडली, तर अडकलेला प्राणी धडपडतो तेव्हा कडी फिरत नाही आणि पाय पिरगळतो. जबडे सावकाश मिटले, तर पंजाऐवजी एखादं बोट पकडलं जातं. प्राणी पकडावेत की नाही हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे हयगयीने लावलेला सापळा ही सरळसरळ क्रूरता आहे.

काळा रंग सापळा दिसू नये म्हणून देतात, असं सर्रास सांगतात. पण कोल्ह्याचा किंवा कायोटीचा सापळा उथळ खड्ड्यात बसवून त्यावर चाळलेल्या मातीचा थर देतात. मातीखालचा रंग कोण बघणार? उथळ पाण्यात लावलेल्या सापळ्याची चकाकी रंगाने कमी होते, तेवढा फायदा खरा. मात्र रंगाचं मुख्य काम गंजाला आवर घालणं आणि वरच्या मेणाला धरून ठेवणं हे आहे.

‘नवा सापळा तसाच लावता येतो’ आणि ‘गंजाचा ठिपकाही नको’ या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कारखान्यातून आलेल्या सापळ्यावर तेलाचा हात असतो. तो काढण्यासाठी सापळे धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण घातलेल्या पाण्यात उकळतात. इथे घाई नडते. पाण्यावर तेलाचा तवंग येतो, आणि तो तसाच ठेवून सापळा वर ओढला की सुटलेलं तेल पुन्हा त्यालाच चिकटतं. म्हणून आधी भांड्यात वरून पाणी ओतून तवंग वाहून जाऊ द्यायचा आणि मगच सापळे काढायचे. स्वच्छ झालेले सापळे दवा-पावसात टांगून ठेवतात. काही दिवसांत त्यांच्यावर तांबूस, बोटाला जेमतेम लागणारा गंज चढतो. तोच हवा असतो, कारण गुळगुळीत पोलादावर हा रंग नीट बसत नाही. पापुद्रे सुटलेला जुना गंज मात्र तारेच्या ब्रशने खरवडून काढलाच पाहिजे.

हा रंग डब्यातल्या पेंटसारखा वरून फासायचा नसतो. अक्रोडाच्या फळावरची हिरवी साल किंवा ओकची साल पाण्यात उकळली की टॅनिन सुटतं. त्याचा लोखंडाशी संयोग होऊन धातूच्या पृष्ठभागावरच काळं संयुग तयार होतं. आपल्याकडे केसांना लावण्यासाठी आवळा लोखंडी कढईत भिजवतात आणि सकाळी तो काळाकुट्ट झालेला असतो. रसायन तेच. हिरड्यातल्या टॅनिनवर लोहाचं द्रावण चढवून कलमकारीतला काळा रंग मिळवतात तोही याच जातीचा. सापळ्यांसाठी बाजारात लॉगवुडचीही भुकटी मिळते. मेक्सिकोतल्या कांपेचे प्रांताचं नाव लावणारं हे झाड. त्याच्या गाभ्यात हिमाटॉक्सिलिन असतं आणि त्यापासूनचं रंगद्रव्य लोखंडाशी मिळून काळं होतं. पुण्या-मुंबईच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायॉप्सीच्या पातळ कापावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, तीही याच हिमाटॉक्सिलिनमुळे. एकाच झाडाचा रंग सापळ्याच्या जबड्यावर आणि कर्करोगाच्या निदानात वापरला जावा, याचं मला खरंच नवल वाटतं.

उकळल्याने माणसाचा वास कायमचा जातो, हेही खरं नाही. हात लागला की वास परत आलाच. शेतवस्तीजवळ वावरणाऱ्या कायोटीला माणसाचा वास तसा रोजचाच असतो. पण नेमक्या एका जागी जमिनीतून पेट्रोल, तेल किंवा तंबाखूचा परका वास आला, तर तो तिथे उकरून बघतो. म्हणून स्वच्छ रबरी हातमोजे वापरतात आणि सापळे इंधनाच्या डब्यांपासून लांब ठेवतात. पेट्रोलजन्य द्रावणात मिसळून वापरायचे थंड रंग झटपट बसतात खरे, पण त्यांचा वास उडायला बराच काळ हवेशीर टांगून ठेवावं लागतं. आणि ते कधीही तापवायचे नसतात.

मेणाबद्दल मात्र जपूनच बोललं पाहिजे, कारण इथे चूक झाली तर माणूस भाजतो. जाड थर चांगला, असा समज आहे. गार सापळा वितळलेल्या मेणात बुडवून लगेच काढला तर पांढरट जाड थर बसतो आणि पुढे टवके उडतात. सापळा मेणाइतकाच तापेपर्यंत आत ठेवला तर पातळ, जवळजवळ न दिसणारा थर राहतो. तोच पाणी आत शिरू देत नाही आणि जबडे सहज मिटू देतो. सापळा पूर्ण कोरडा हवा. ओला सापळा गरम मेणात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेण उसळून बाहेर येतं. ते आगीवर पडलं तर भडका उडतो. त्यावर पाणी ओतणं सर्वांत वाईट. ज्योत बंद करायची, झाकण टाकायचं. हे काम घरात करूच नये.

सगळेच सापळे मेणात बुडवायचे नसतात. कॅनडाचे फ्रँक कॉनिबेअर यांनी शोधलेला, प्राण्याचं शरीर दोन चौकटींत पकडणारा सापळा याला अपवाद आहे. मेणाने त्याचा खटका निसरडा होतो, आणि लावतानाच सुटला तर हाताचं हाड मोडू शकतं. तो रंगवतात आणि तिथेच थांबतात.

चित्रांत दिसणारे करवतीसारखे दात आज तिथल्या कायदेशीर हंगामातल्या सापळ्यांना सहसा नसतात. मिटल्यावरही मध्ये थोडी फट राहील असे किंवा रबर लावलेले जबडे वापरतात. तरीही १९९६ मध्ये कोलोराडो आणि मॅसॅच्युसेट्सच्या, तर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशा सापळ्यांवर कडक बंधनं आणली. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी सापळ्यात अडकवणं ही शिकारच ठरते, त्यामुळे फरसाठीचा परवान्याचा हंगाम भारतात नाही. मध्य भारताच्या जंगलांत वाघांसाठी चोरून पुरलेले लोखंडी सापळे शोधायला वनरक्षक मेटल डिटेक्टर घेऊन गस्त घालतात.