निष्कास-वायूचे पुनरभिसरण

भिवंडीच्या गोदामांतून मुंबई-नाशिक महामार्गास लागणाऱ्या आधुनिक डिझेल मालमोटारींपैकी अनेकींच्या इंजिनात निष्कास-वायूचा, म्हणजे धुराचा, काही अंश परत सिलिंडरात नेला जातो. ‘पुनरभिसरण’ या संज्ञेने रक्ताभिसरणाचे स्मरण होऊन, हा वायू शुद्ध होऊन अथवा पुन्हा जळण्यासाठी परततो, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तो जवळजवळ जळत नाही, हाच त्याचा उपयोग होय.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी निष्क्रिय असणारा हा वायू ज्वलनाच्या अत्युच्च तापमानात ऑक्सिजनशी संयोग पावतो व श्वसनास अपायकारक अशी ऑक्साइडे निर्माण होतात. झडपेने मोजून सोडलेला व शीतकात निवविलेला धूर ताज्या हवेत मिसळला, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण घटते, त्यातील कार्बन डायऑक्साइड व बाष्प उष्णता शोषतात आणि ज्वालेचे तापमान उतरते.

या लाभाचे मोल काजळीच्या रूपाने द्यावे लागते; कालांतराने झडपही तुंबते. ती स्वच्छ न करता कायमची बंद केल्यास इंजिन चालत राहते, परंतु सहसा डोळ्यांस न दिसणारी ऑक्साइडे रस्त्याकाठच्या वस्तीच्या श्वासात जातात. संज्ञा वायूचा मार्ग सांगते, त्याचे प्रयोजन सांगत नाही. ते ध्यानी आले, तरच झडपेचे महत्त्व पटते.