दिव्यांग क्रीडापटू, दुखापतीचे भय आणि वैद्याचे कर्तव्य

दुखापतीचे भय प्रत्येक क्रीडापटूच्या मनात असते. दिव्यांग क्रीडापटूच्या ठायी त्याचे स्वरूप निराळे असते, हे आम्हां वैद्यांनी प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. धडधाकट खेळाडूचा खांदा दुखावला तर त्याचा हंगाम बुडतो. चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूचा खांदा दुखावला तर त्याचे फिरणे, स्नान, शय्येवरून उठणे सारेच अडते. सुश्रुताचार्यांनी अंसमर्माची गणना वैकल्यकर मर्मांत केली, तिचा अर्थ येथे उमगतो. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्येही खांद्याच्या दुखापती सर्वाधिक आढळल्या. सारांश, हे भय निराधार नाही. म्हणूनच ‘घाबरू नका’ एवढ्या उपदेशाने ते जात नाही.

तथापि भय बळावले की अंग आखडते, हालचाल चुकते, दुखणे लपविले जाते आणि दुखापत खरोखरच ओढवते. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादास अग्रस्थान दिले आहे. येथे सत्त्वावजय चिकित्सा उपयोगी पडते. नेमके कशाचे भय वाटते ते विचारावे, काय करावे व काय टाळावे हे रुग्णासमवेत ठरवावे आणि व्यायाम बलानुसार क्रमाक्रमाने वाढवावा. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. मध्ये सात वर्षे गेली, हे उतावीळ रुग्णास अवश्य सांगावे.

नांदूरघाटसारख्या केज तालुक्यातील गावी क्रीडावैद्यकाचा तज्ज्ञ हाताशी नसतो. खेळाडू आधी आपल्याकडेच येतो. म्हणून तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) मज्जारज्जूच्या आघाताने बधिर झालेल्या अंगास उष्ण स्वेदन देऊ नये, चटका बसलेला त्यास कळत नाही. तेथील त्वचा रोज तपासण्यास घरच्यांना शिकवावे.

२) वातशूलावर विषतिंदुक वटी देण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्य आहे. स्पर्धक रुग्णास कुचलायुक्त कल्प देऊ नयेत. अन्य औषधांतील घटकही लिहून द्यावेत.

३) रात्री वाढणारी वेदना, नवी दुर्बलता वा सूज दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

एवढे केल्यास आपले दुखणे कोणीतरी गांभीर्याने घेत आहे, हा विश्वास खेळाडूस वाटतो व तो दुखणे लपवीत नाही. अशा रुग्णांविषयीचे आपले अनुभव वैद्यबंधू-भगिनींनी अवश्य लिहावेत, ही विनंती.